बर्फावरची सहल : आधी गणित, मग स्की

आपल्याकडे ट्रिप ठरते ती रात्री मेसमध्ये, आणि निघतो आपण पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने. मधल्या वेळात प्लॅनिंग म्हणजे एवढंच, की कोणाकडे किती पैसे शिल्लक आहेत. राजगडला हे चालून जातं. पण अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत सहा जणांचं कुटुंब घेऊन स्की आणि स्नोबोर्ड करायला जायचं असेल, तर ही पद्धत अजिबात चालत नाही. तिथे ट्रिप मार्चमध्ये असली तरी सगळ्यात महागडा निर्णय आदल्या नोव्हेंबरच्या आत घ्यावा लागतो.

हा विषय माझ्याकडे आला तो आत्यामुळे. ती ह्यूस्टनला असते. घरात ती, काका, पंधरा वर्षांचा आतेभाऊ आणि आठ वर्षांची आतेबहीण. येत्या हिवाळ्यात नाशिकहून आजी-आजोबाही तिकडे जाणार आहेत. "तू इंजिनिअर होणार ना? मग प्लॅन तूच करून दे," असं आत्याने फोनवर सांगून टाकलं. मी बर्फ पाहिलाय तो फक्त उसाच्या रसाच्या ग्लासात. पण या कामात बर्फापेक्षा गणित जास्त आहे, आणि थोडं फ्लुइड, थोडं थर्मो, थोडं मशीन डिझाइनसुद्धा. आपल्यातले कितीतरी जण उद्या एम.एस.ला युटा, कोलोराडो, कॅलिफोर्नियाला जातील आणि मग आई-बाबा भेटायला येतील. म्हणून जे शिकायला मिळालं ते इथे मांडतेय.

सरासरी माणूस धरायचा नाही

बहुतेक घरांत प्लॅन सुरू होतो तो घरातल्या सगळ्यात तरबेज माणसापासून. आमच्याकडे तो माझा आतेभाऊ. तो दोन वर्षं स्नोबोर्ड करतोय आणि त्याने मला ठिकाणांची यादीच पाठवली. पहिलं नाव ब्रेकनरिज, दुसरं अल्टा. दोन्ही नावं मोठी आहेत, व्हिडिओ जबरदस्त असतात. पण डिझाइनच्या तासाला आपण काय शिकतो? बीमवर सरासरी लोड धरत नाहीत, सगळ्यात वाईट केस धरतात. सहलीतही तसंच. ठिकाण ठरवायचं ते ७१ वर्षांच्या, ब्लडप्रेशरची गोळी घेणाऱ्या आजोबांवरून आणि आठ वर्षांच्या, बर्फावर कधी पाय न ठेवलेल्या मुलीवरून. पंधरा वर्षांच्या पोराला कुठलाही डोंगर चालतो. माझ्या मते या एका गोष्टीवर अख्खा प्लॅन उभा राहतो किंवा कोसळतो.

आता यादीतलं पहिलं नाव घेऊ. कोलोराडोतलं ब्रेकनरिज हे गावच मुळी ९,६०० फुटांवर आहे, म्हणजे सुमारे २,९२६ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी पाऊण कळसूबाई ठेवायचं आणि तिथे रात्री झोपायचं! तिथली इंपीरियल एक्सप्रेस नावाची लिफ्ट १२,८४० फुटांपर्यंत नेते आणि ती उत्तर अमेरिकेतली सर्वांत उंच चेअरलिफ्ट आहे. भावाला नेमकी तीच हवी होती.

ब्रेकनरिज गावात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच राहतं, पण दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी. ह्यूस्टन जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे. सकाळी तिथून विमानात बसून संध्याकाळी ब्रेकनरिजला पोचलं, तर शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. डोकं दुखणं, मळमळ, भूक नसणं, रात्री झोप न लागणं हे उंचीच्या त्रासाचे नेहमीचे प्रकार. अमेरिकेतली सीडीसी ही आरोग्यसंस्था प्रवाशांना सांगते, की सखल भागातून निघून एकाच दिवसात २,७५० मीटरच्या वर मुक्कामाला जाऊ नये. ब्रेकनरिज त्या आकड्याच्याही वर आहे. तरुण माणूस किती फिट आहे यावर हा त्रास अवलंबून नसतो, हेही लक्षात ठेवा. जिमला जाणाऱ्या मुलालाही होऊ शकतो, आणि तो तर पहिल्याच दिवशी सगळ्यात जास्त धडपडतो.

यावर उपाय नाही असं नाही. लोक डेन्व्हरला एक रात्र थांबतात. डेन्व्हर १,६०९ मीटरवर, म्हणजे जवळपास कळसूबाईएवढंच. तिथे राहून दुसऱ्या दिवशी वर जायचं. काहींना डॉक्टर अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी देतात. पण ती आपल्या मनाने घ्यायची नाही, आणि आधीच इतर गोळ्या चालू असलेल्या माणसाने तर नाहीच. आजोबांसाठी माझं उत्तर सरळ होतं : मुक्कामाची उंचीच कमी ठेवायची. स्की करणारे दिवसा कितीही वर जाऊ देत, झोपायला खाली यायचं.

मग खाली म्हणजे कुठे? कॅनडातलं व्हिस्लर गाव फक्त ६७५ मीटरवर आहे. उंचीच्या हिशोबाने सगळ्यात छान, पण आजी-आजोबांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागेल, म्हणून ते बाद. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरचा लेक टाहो १,९०० मीटरच्या आसपास आहे. बे एरियातल्या मराठी घरांना तो बरा, कारण गाडीने जाता येतं. पण वादळ आलं की डॉनर खिंडीतला हायवे तासन् तास बंद होऊ शकतो, चाकांना साखळ्या बांधायला लावतात, आणि ह्यूस्टनच्या काकांनी चाकाला साखळी बांधलेली मला कल्पनाही करवत नाही.

राहिलं युटा. सॉल्ट लेक सिटी १,३०० मीटरच्या आतबाहेर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही किंचित खाली. विमानतळापासून पार्क सिटी साधारण ४० मिनिटांवर, आणि गाव २,१०० मीटरच्या जवळपास. तिथे दाब समुद्रसपाटीच्या ७७-७८ टक्के. पहिली रात्र सॉल्ट लेकला, पुढच्या रात्री पार्क सिटीला. दोन पायऱ्यांत चढ झाली. डॉक्टरांना विचारायचं ते विचारायचंच, पण मुळातच अडचण लहान केली की बाकीचं सोपं होतं.

स्नोबोर्डला बंदी असलेले डोंगर

यादीतलं दुसरं नाव अल्टा. हेही युटातच, सॉल्ट लेकपासून जवळ. वर्षाला सरासरी ५०० इंचांच्या वर बर्फ पडतो, आणि तोही असा हलका की १०० सेंटीमीटर बर्फ वितळवला तर साधारण ८-९ सेंटीमीटरच पाणी निघतं. कॅलिफोर्नियाच्या सिएरा डोंगरात हेच पाणी सरासरी १२ सेंटीमीटरपर्यंत जातं, म्हणून तिथल्या बर्फाला लोक गमतीने 'सिएरा सिमेंट' म्हणतात. (सिव्हिलवाल्यांनी हसायला हरकत नाही.)

पण अल्टाला स्नोबोर्ड चालतच नाही! भावाने व्हिडिओ पाहिले, नियम पाहिला नाही. अमेरिकेत अशी तीनच ठिकाणं उरली आहेत : युटात अल्टा आणि डिअर व्हॅली, आणि पूर्वेकडे व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन. यामागे थोडा इतिहास आहे. १९६५ साली मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या इंजिनिअरने मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून 'स्नर्फर' नावाचं खेळणं केलं. त्यातूनच पुढे स्नोबोर्ड आला. सुरुवातीला बहुतेक रिसॉर्टवाल्यांनी या पोरांना आत घेतलं नाही. मग हळूहळू दारं उघडली. पार्क सिटीने १९९६ मध्ये परवानगी दिली, न्यू मेक्सिकोतल्या टाओसने तर थेट २००८ मध्ये. म्हणून एकाच घरात स्की आणि स्नोबोर्ड दोन्ही करणारे असतील, तर नकाशा बघण्याआधी हा नियम बघावा. आमच्याकडे पार्क सिटीच्या बाजूने हा दुसरा मुद्दा झाला.

तिसरा मुद्दा जागेचा. २०१५ साली पार्क सिटी आणि शेजारचं कॅनियन्स ही दोन रिसॉर्ट गोंडोलाने जोडली गेली आणि एकूण क्षेत्र ७,३०० एकर झालं. एवढ्या जागेत शिकाऊ माणसाला सौम्य उतार मिळतो आणि भावालाही कंटाळा येत नाही.

हिरवा, निळा, काळा

उतारांवर पाट्या असतात. हिरवं वर्तुळ म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड, दोन काळे हिरे म्हणजे फक्त तरबेज लोकांसाठी. ढोबळ हिशोब असा सांगतात : २५ टक्क्यांपर्यंत हिरवा, २५ ते ४० निळा, ४० च्या वर काळा. हे टक्के आहेत, अंश नाहीत. १०० टक्के म्हणजे ४५ अंश, त्यामुळे ४० टक्के म्हणजे टॅन इन्व्हर्स ०.४, साधारण २२ अंश. ऐकायला कमी वाटतं, पण आपल्या घाटातल्या रस्त्यांचा चढ टक्क्यांत मोजून बघा, मग कळेल.

यात खरी मेख अशी आहे, की रंग त्या-त्या डोंगरापुरते असतात. एका डोंगरावरचा निळा दुसऱ्या डोंगरावर काळा ठरू शकतो. काका म्हणतात, "मी न्यू मेक्सिकोत निळ्यावरून आलोय." चांगलं आहे. तरी नव्या डोंगरावर पहिली फेरी हिरव्यावरच घ्यायची.

लिफ्टबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जगातली पहिली चेअरलिफ्ट १९३६ मध्ये आयडाहोतल्या सन व्हॅलीला लागली. युनियन पॅसिफिक रेल्वेचा जिम करन हा इंजिनिअर. त्याने आधी जहाजात केळ्यांचे घड चढवायची यंत्रणा केली होती. तोच हुक, तीच फिरती दोरी, फक्त घडाच्या जागी खुर्ची! पुढे १९८१ मध्ये ब्रेकनरिजला चार जणांची डिटॅचेबल लिफ्ट आली. यात खुर्ची स्टेशनात दोरीपासून सुटते, हळू होते, माणसं बसतात आणि मग ती पुन्हा दोरी पकडते. दोरी मात्र सेकंदाला ५ मीटरच्या आसपास पळतच असते. आठ वर्षांच्या मुलीला आणि पहिल्यांदा बसणाऱ्या आत्याला याचा फायदा हा, की खुर्ची पाठीमागून धाडकन येऊन लागत नाही. दर सहा सेकंदांनी एक खुर्ची धरली तर तासाला ६०० खुर्च्या, म्हणजे २,४०० माणसं. गर्दीच्या दिवशी रांग किती लागेल याचा अंदाज यावरून बांधता येतो. तुमच्यापुढे ८०० माणसं असतील तर २० मिनिटं गेलीच.

तारीख आणि तिकीट

नाताळ ते न्यू इयर हा आठवडा सगळ्यात महाग आणि सगळ्यात गर्दीचा. बर्फाचा थर तेव्हा कधीकधी पुरेसा झालेलाही नसतो, आणि मग कृत्रिम बर्फाच्या मोजक्याच पट्ट्या चालू असतात. २०२४ च्या नाताळात पार्क सिटीला आणखी एक गोष्ट घडली. स्की पेट्रोलच्या युनियनने २७ डिसेंबरला पगारासाठी संप केला, तो ८ जानेवारी २०२५ पर्यंत चालला. डोंगर तपासायला माणसं कमी, त्यामुळे उघडलेल्या लिफ्ट कमी आणि रांगा प्रचंड. संप बरोबर होता की नाही यावर वाद घालता येईल. (माझं मत पेट्रोलवाल्यांच्या बाजूने आहे. सकाळी अंधारात स्फोटकं घेऊन हिमस्खलन पाडायला जाणाऱ्या माणसाला नीट पगार मिळायलाच हवा.) पण प्लॅनरने त्यातून घ्यायचं ते हे, की ज्या आठवड्यात सगळा देश येतो त्या आठवड्यात एक छोटी गोष्ट बिघडली तरी अख्खी सुट्टी जाते.

सगळ्यात स्वस्त आणि निवांत काळ म्हणजे जानेवारीतला मार्टिन ल्यूथर किंग दिन आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डे यांच्या मधला, तोही आठवड्याच्या मधल्या दिवसांत. पण तेव्हा मुलांच्या शाळा. टेक्सासच्या शाळांना मार्चच्या मध्याला आठवडाभर सुट्टी असते, म्हणून आमचा आठवडा तोच. बर्फाचा थर तेव्हा सहसा जाड असतो, दिवस मोठा असतो आणि थंडी सोसवते. तोटा एवढाच, की रात्री गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा कडक असतो आणि दुपारनंतर उन्हातल्या उतारांवर लापशी होते. त्या लापशीत स्की अडकते आणि गुडघा फिरतो. म्हणून शिकाऊ मंडळींनी सकाळी दहाच्या सुमाराला उतरायचं आणि दोनच्या आत बंद करायचं. भावाने वाटलं तर लवकर जावं.

आता पैसे. इथे मला खरा धक्का बसला. गर्दीच्या दिवसांत काही मोठ्या रिसॉर्टचं खिडकीवरचं एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट ३०० डॉलरच्या वर गेलेलं आहे. म्हणजे घरातले चार जण चार दिवस म्हटले तर नुसत्या लिफ्टचे साडेचार हजार डॉलर पार! पण खिडकीवर तिकीट घेणं हा मुळी अडाण्यांवरचा कर आहे. २००८ मध्ये व्हेल रिसॉर्ट्स कंपनीने एपिक पास काढला, २०१८ मध्ये प्रतिस्पर्धी आल्टेराने आयकॉन पास काढला, आणि तेव्हापासून सगळा धंदाच उलटा झाला. पैसे हिवाळ्याआधी घ्यायचे, मग बर्फ पडो न पडो. पास वसंतात विक्रीला येतात, किंमत टप्प्याटप्प्याने वाढते, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला एपिकची विक्री बंद होते. पार्क सिटी एपिकवर आहे. त्यात १ ते ७ दिवसांचे सुटे पासही मिळतात आणि ५ ते १२ वयाच्या मुलांना कमी दर असतो.

आपण प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये क्रिटिकल पाथ काढतो ना, तसा काढला तर पहिलं काम विमानाचं तिकीट नाही, हॉटेल नाही, तर पास. ती मुदत चुकली की बाकी कुठेही वाचवून ते पैसे भरून निघत नाहीत.

आणि पास घेतानासुद्धा 'चौघे, चार दिवस' असं सरसकट करायचं नाही. मॅन-डे मोजायचे. भाऊ चार दिवस. काका तीन, कारण तिसऱ्या दिवशी मांड्या बोलायला लागतात. बहीण तीन. आत्या दोन, आणि तिने हे स्वतःहून कबूल केलंय. झाले बारा. सोळाच्या जागी बारा, म्हणजे पाव खर्च इथेच कमी. शिवाय अगदी पहिल्या दिवशी बहीण मॅजिक कार्पेटवर, म्हणजे जमिनीवरच्या सरकत्या पट्ट्यावर असणार. शिकवणीच्या पैशांत तेवढ्या भागाची लिफ्ट धरलेली आहे का हे आधी विचारायचं. असेल तर आणखी एक दिवस वजा.

वजन खरं सांगा

स्कीचे बूट आणि पट्ट्या भाड्याने मिळतात. तिथे एक फॉर्म भरून घेतात आणि बायका-पुरुष सगळे त्यावर थापा मारतात. बायका वजन कमी लिहितात, पुरुष 'मी एक्सपर्ट' असं लिहितात. मेकॅनिकलच्या मुलांनी हे नीट वाचा. स्कीच्या बाइंडिंगमध्ये स्प्रिंग असते. पडताना पायावर ठराविक मर्यादेपेक्षा जास्त टॉर्क आला की बूट सुटला पाहिजे, नाहीतर नडगी किंवा गुडघ्याचं लिगामेंट जातं. ती मर्यादा आयएसओ ११०८८ या मानकाच्या तक्त्यावरून ठरते, आणि त्याला पाच गोष्टी लागतात : वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याचा प्रकार. प्रकार एक म्हणजे सावकाश जाणारा, प्रकार तीन म्हणजे सुसाट. स्वतःला तीन लिहिलं की स्प्रिंग घट्ट होते आणि पडल्यावर बूट सुटत नाही. वजन कमी लिहिलं की नको तिथे सुटतो. काकांनी मुकाट्याने 'एक' लिहावं, यावर मी आणि आत्या एकमत आहोत.

स्नोबोर्डचं बाइंडिंग सुटतच नाही. दोन्ही पाय एकाच फळीला असल्यामुळे गुडघ्याला पीळ कमी बसतो, पण पडताना हात टेकला जातो. म्हणून स्कीवाल्यांची गुडघ्याची दुखापत प्रसिद्ध आणि स्नोबोर्डवाल्यांची मनगटाची. हेल्मेट दोघांनाही लागतंच.

बहिणीने काय शिकावं यावर घरात वाद झाला. भावाला ती स्नोबोर्डवर हवी होती. मी स्कीच्या बाजूने. पाय मोकळे असतात, दोन्ही टोकं जवळ आणून ब्रेक लावता येतो, आणि लहान मुलाला पहिल्याच दिवशी थांबता आलं की ते रडत नाही. स्नोबोर्डचे पहिले दोन दिवस नुसतं आपटणं असतं. शिकवायचं कोणी यावरही वाद झाला, कारण काकांना स्वतः शिकवायचंय. बाबांनी गाडी शिकवताना आपल्या घरांत काय होतं ते आठवा. पहिले दोन दिवस स्की स्कूल, तिसऱ्या दिवशी काकांबरोबर. यावर तह झाला.

कपड्यांचं एकच सांगते : जीन्स आणि सुती मोजे नकोत. सुती कापड ओलं झालं की ऊब धरत नाही. आणि मोजे एकच जोड, पातळ, लोकरीचे. आजीने आत्ताच सगळ्यांसाठी तीन-तीन जोड विणायला घेतलेत, पण घट्ट बुटात तीन मोजे घातले की रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. ते मोजे घरात घालायला. गॉगल मात्र आजी-आजोबांनाही हवेत, ते स्की करत नसले तरी. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, आणि दर हजार मीटरला ते किरण १० टक्क्यांच्या आसपास वाढतात.

आजी-आजोबांचे चार दिवस

हा भाग बहुतेक प्लॅनमध्ये नसतोच. "ते रूमवर आराम करतील," असं गृहीत धरतात. सहा दिवस कोण आराम करतं? पार्क सिटीची बस फुकट आहे, त्यामुळे गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही आणि त्यांना कोणावर अवलंबून राहावं लागत नाही. गाव मूळचं चांदीच्या खाणींचं आहे, जुन्या मेन स्ट्रीटवर सावकाश चालता येतं. रस्त्यावर घट्ट बर्फ असेल तर बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते आधीच घ्यायचे. आजोबा पडले तर कोणाचीच ट्रिप राहणार नाही. जवळच युटा ऑलिंपिक पार्क आहे, जिथे २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या स्की जंप आणि बॉबस्लेच्या स्पर्धा झाल्या. तिथे संग्रहालयही आहे. २०३४ चं ऑलिंपिकही युटालाच मिळालंय, म्हणजे आजोबांना नाशिकला परतल्यावर आठ वर्षं पुरेल एवढा विषय झाला.

राहायला हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेला फ्लॅट बघितलाय, आणि आजीला सांगितलंय की कुकर न्यायचाच. २,१०० मीटरवर पाणी ९३ अंशांना उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. कुकरची शिटी बाहेरच्या दाबापेक्षा ठराविक दाब जास्त झाला की वर उचलली जाते. बाहेरचाच दाब कमी, त्यामुळे आतलं तापमानही नाशिकपेक्षा सुमारे तीन अंशांनी कमी राहणार. म्हणून शिट्या नेहमीपेक्षा एक-दोन जास्त. आजीला थर्मो न शिकवता हे पटलं. "माथेरानला पण असंच होतं," म्हणाली.

शेवटचा दिवस मी मोकळा ठेवलाय. वादळ आलं आणि एखादा दिवस डोंगर बंद राहिला तर तो दिवस वापरायचा, नाहीतर सामान परत देऊन दुपारी आरामात सॉल्ट लेकला उतरायचं. निघायच्या दिवशी 'एक शेवटची फेरी' घ्यायची नाही, असं मी एक्सेलच्या त्या ओळीत लाल अक्षरात लिहिलंय. भाऊ अल्टावरून अजून थोडा रुसलेला आहे. त्याला मनगटाच्या पट्ट्यांचं माप विचारलंय, ते आलं की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आत्या पास घेणार.